पिल्लाचा बचाव व पुनर्वसन (कोकण किनारा)

जखमी झालेले, आईपासून तुटलेले किंवा माणसाने सोडून दिलेले कुत्र्याचे पिल्लू सुरक्षित जागी आणणे, त्याच्यावर उपचार करणे आणि बरे झाल्यावर त्याला घर किंवा माहितीचा परिसर मिळवून देणे, या कामाला बचाव व पुनर्वसन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा व लगतचा गोव्याचा किनारा विचारात घेतला आहे. मूळ उपचार सर्वत्र सारखेच असले, तरी येथील पाऊस, मासेमारीचा हंगाम आणि शस्त्रक्रियेच्या दवाखान्यांचे अंतर यांमुळे कोकणात या कामाचे स्वरूप बदलते.

इतिहास : आजारी पिल्लाची माणसाने शुश्रूषा केल्याचा सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा पुरावा जर्मनीतील बॉन-ओबरकासेल येथील आहे. तेथील खाणीत १९१४ मध्ये एक पुरुष व एक स्त्री यांच्या सांगाड्यांबरोबर कुत्र्याचे अवशेष मिळाले. त्यांचा काळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचा मानतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीनुसार हे कुत्रे मेले तेव्हा जेमतेम सात महिन्यांचे होते. त्याच्या दातांच्या वरच्या कठीण थरातील खाचांवरून त्याला पाचव्या महिन्याच्या सुमारास डिस्टेंपर (कुत्र्यांना होणारा विषाणुजन्य रोग) झाला असावा, असे संशोधकांनी म्हटले. हा रोग बळावलेले पिल्लू ऊब, पाणी व स्वच्छता यांवाचून सहसा तीन आठवडेही तग धरत नाही. हे पिल्लू मात्र त्यानंतरही काही आठवडे जगले. अशा खाचा कुपोषणाने किंवा दुसऱ्या एखाद्या तापानेही पडू शकतात, तसेच क्वचित एखादे पिल्लू आपोआपही वाचते, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तरीही खाचांची रचना एकाहून अधिक वेळा आलेल्या गंभीर आजाराशी जुळते. त्यामुळे कोणीतरी त्याला भरवले व निजवले असावे, हे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. त्या वयाच्या आजारी पिल्लाचा शिकारीला किंवा राखणीला उपयोग नव्हता, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

भारतीय परंपरेत महाभारताच्या आदिपर्वात देवांची कुत्री सरमा हिचे पिल्लू येते. जनमेजयाच्या भावांनी यज्ञस्थळी त्याला मारहाण केली. आपण हविष्याकडे पाहिले नाही की ते चाटले नाही, असे ते रडत आईला सांगते आणि सरमा जनमेजयाला शाप देते. उपचाराचा उल्लेख या कथेत नाही. निरपराध पिल्लाला मारणे हा दोष आहे, एवढी जाणीव तीत स्पष्ट आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची सोय केल्याचे म्हटले आहे. उत्तर कोकणातील सोपारा येथे अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला व नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये सापडला. त्यावरून तेथे संपूर्ण लेखमाला कोरलेली असावी, असा तर्क करतात व तो ग्राह्य दिसतो. मात्र एवढ्या आधारावर सोपाऱ्यात पशुरुग्णालय होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. शिवाय लेखातील पशू म्हणजे प्रामुख्याने गुरेढोरे असण्याचा संभव अधिक आहे.

बेवारस पिल्लांविषयीचा थेट नियम आढळतो तो पारशी धर्मग्रंथ वेंदिदादच्या पंधराव्या प्रकरणात. व्यायला आलेली कुत्री रस्त्यावर, बागेत किंवा गोठ्यात पडली असेल, तर तिचा व पिल्लांचा सांभाळ कोणी करायचा, याची तेथे चर्चा आहे आणि पिल्लांना सहा महिने पोसावे असे सांगितले आहे. या ग्रंथाच्या रचनेच्या काळाविषयी एकमत नाही. त्यातील मजकूर निरनिराळ्या काळांतील असून संकलन बरेच नंतरचे आहे, हे मत बहुतेकांना मान्य आहे. कोकणाच्या दृष्टीने या नियमाला महत्त्व आहे, कारण मुंबईतील पुढील घटनांमागे पारशी समाज होता. भटकी कुत्री मारण्याच्या कंपनी सरकारच्या हुकुमाविरुद्ध ६ जून १८३२ रोजी मुंबईत पारशांनी उठाव केला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद (मोतीशा) यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाली. या दोन घटनांचा संबंध सामान्यतः मान्य केला जातो. प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी मुंबईत १८७४ मध्ये संस्था स्थापन झाली आणि १८८६ मध्ये परळला पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग भागातील संघटित काम बरेच अलीकडचे असून ते बव्हंशी स्वयंसेवकांचे आहे.

पिल्ले सापडण्याचा हंगाम : भटक्या कुत्र्यांचा माज प्रामुख्याने भाद्रपद-आश्विनात येतो व गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. त्यामुळे बहुतेक पिल्ले कार्तिक ते पौष या काळात जन्मतात आणि माघ-फाल्गुनात दूध तुटून रस्त्यावर येऊ लागतात. अपघातही तेव्हाच वाढतात. पश्चिम बंगालमध्ये भटक्या पिल्लांच्या पाहणीत सात महिन्यांपर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्ले जगल्याचे आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे माणसाचा हात असल्याचे आढळले (२०१६). कोकणात दुसरी लाट पावसाच्या तोंडावर येते. आंब्याच्या बागेत वानरांपासून राखणीसाठी आणलेली पिल्ले हंगाम सरला की मागे राहतात. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असल्याने हर्णे, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांवरचे खाणेही आटते. सोडून देण्याच्या जागा ठरलेल्या असतात : एसटी स्टँड, मासळीबाजार, देवळाचा मांडव, घाटातले वळण. गोणपाटात बांधून टाकलेल्या पिल्लांत माद्या अधिक असतात आणि त्यांच्या आयांची नसबंदी करून देणारी सोय जवळ असती, तर यांतली बरीच पिल्ले जन्मालाच आली नसती.

वाहनांची धडक हे इजेचे प्रमुख कारण होय. त्याखेरीज रानडुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासक्या, बिबट्याचा हल्ला व मासेमारीचे गळ ही कारणे या किनाऱ्यावर वारंवार दिसतात. ओठात किंवा पंजात रुतलेला गळ मागे ओढू नये. टोकाला उलटा दात असल्याने तो मांस फाडत येतो. टोक पुढे ढकलून कातडीबाहेर काढावे, दात पक्कडीने तोडावा आणि मग उरलेली तार आल्या वाटेने काढून घ्यावी. हे काम भूल देऊन केले तर उत्तम. घशात गेलेल्या गळाचा दोरा तोंडातून लोंबत असेल, तर तो कापूही नये, ओढूही नये. जाळ्यातून वाळूवर टाकलेला केंड मासा खाल्ल्याने विषबाधा होते. तिच्यावर उतारा नाही, श्वास चालू ठेवणे हाच उपचार.

पहिले तास : इजा नसेल, तर पिल्लू उचलण्यापूर्वी दुरून वाट पाहावी. आई बहुधा अन्नासाठी गेलेली असते आणि तिच्याइतके चांगले संगोपन माणसाला जमत नाही. जखमी पिल्लू मात्र लगेच हलवावे. ते फळीवर, टोपलीत किंवा ताणून धरलेल्या गोणपाटावर घ्यावे. काखेत धरून उचलू नये. हिरड्या पाहाव्यात : गुलाबी असाव्यात, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे. पांढऱ्या हिरड्या रक्तस्राव किंवा गोचिडांमुळे आलेला रक्तक्षय दाखवतात.

पावसात भिजलेल्या पिल्लाला आल्या आल्या दूध पाजणे ही सर्वांत सर्रास होणारी चूक आहे आणि तिच्यापायी वाचण्याजोगी पिल्ले जातात. गार पडलेल्या पिल्लाचे आतडे काम करत नाही. दूध पोटात आंबते किंवा श्वासनलिकेत जाते. पहिल्या आठवड्यातील पिल्लाचे तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असते, महिन्याचे होईपर्यंत ते ३८ च्या आसपास येते. आधी कोरडे करून, फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्या दोन्ही अंगांना ठेवून हळूहळू ऊब द्यावी. हिरड्यांना साखरेचे पाणी चोळावे, अन्न नंतर. कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि दुग्धशर्करा कमी. म्हणून नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लू हगवणीने खंगते. पाणी घातलेल्या दुधावर तर उपाशीच राहते. पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर वापरावी आणि पिल्लाला पालथे ठेवूनच पाजावे. तीन आठवड्यांखालील पिल्लू आपण होऊन लघवी-शी करत नाही. दर पाजण्यानंतर ओल्या कापसाने ती जागा हलके पुसावी लागते. दात आल्यावर मऊ भात, अंडे, काटे काढलेली मासळी देता येते; पेज तात्पुरती चालते, पण तिच्यावर पिल्लू वाढत नाही.

अळ्या पडलेल्या जखमा : दमट हवेमुळे कोकणात ही तक्रार फार. क्रायसोमिया बेझियाना ही माशी जिवंत मांसावरच वाढते. तिची अंडी दिवसभरात फुटतात आणि अळ्या सुमारे आठवडाभर आत पोखरत राहतात. बाहेरून बोराएवढे दिसणारे भोक आत तळहाताएवढे निघते. जखमेभोवतीचे केस कापून ओल्या गॉजने तोंड झाकले की हवेसाठी अळ्या वर येतात. मग चिमट्याने एकेक काढावी आणि सगळे कप्पे तपासावेत. मिठाच्या पाण्याने (एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ) धुऊन पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे. टर्पेंटाइनचा बोळा गुरांना चालतो, पिल्लाच्या पातळ कातडीतून तो अंगात भिनतो. रॉकेल, फिनाईल व डांबरगोळीची पूड हे घरोघरचे उपाय विषारी आहेत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेन, देऊ नयेत.

मांडीचे हाड मोडणे : अपघातात पिल्लाचे मांडीचे हाड वारंवार मोडते आणि त्याचे उपचार सर्वाधिक चुकतात. मोडलेले हाड स्थिर करायचे तर त्याच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे बांधले गेले पाहिजेत. गुडघ्याखाली हे जमते. तेथे कापूस भरून बांबूच्या कामट्यांची पट्टीही काम देते. मांडीच्या वर मात्र खुब्याचा सांधा असतो, तो पट्टीत येत नाही. पट्टी मांडीच्या मध्यावर संपते आणि तिचे वजन मोडलेल्या जागीच ओढ देत राहते. दुसरा धोका त्याहून वाईट आहे. पाय सरळ बांधून ठेवला की मांडीचा पुढचा स्नायू हाडाला चिकटून आखडतो, गुडघा वाकेनासा होतो आणि पाय काठीसारखा ताठ राहतो. हे काही आठवड्यांतच होते व नंतर सुधारणे अवघड असते. म्हणून असे पिल्लू पट्टी न बांधता अरुंद खोक्यात ठेवून शस्त्रक्रियेच्या सोयीपर्यंत न्यावे. तेथे हाडाच्या पोकळीत सळई घालतात आणि लवकरच गुडघा हलवायला लावतात. अर्धवट तडकलेल्या, न सरकलेल्या हाडाला मात्र पुष्कळदा बंदिस्त विश्रांती पुरते. तीन महिन्यांखालील पिल्लाचे हाड साधारण तीन-चार आठवड्यांत सांधते. गुडघ्याखालील पट्टी दर आठवड्याला बदलावी लागते, कारण पाय वाढत असतो. बोटे सुजली किंवा गार पडली तर ती लगेच सोडावी. कांडवेलीचा लेप लावण्याची जुनी पद्धत आहे. लेपापेक्षा त्यावर आवळलेल्या चिंधीनेच पाय सडल्याची उदाहरणे अधिक. हाडाच्या टोकाकडील वाढीच्या थराला इजा झाली, तर पाय पुढे वाकडा वाढू शकतो. साल्टर व हॅरिस यांनी १९६३ मध्ये मांडलेले अशा इजांचे वर्गीकरण पशुवैद्यकातही वापरतात. तालुक्याच्या दवाखान्यांचा भर गुरांवर असल्याने क्ष-किरण व सळईसाठी पिल्लाला अनेकदा कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठावी लागते. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

रोग : पिल्लांना जीवघेणी हगवण लावणारा पार्व्होचा विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला. तो अंगणात, खळ्यात महिनोन्‌महिने टिकतो; म्हणून नवे पिल्लू दोन आठवडे वेगळे ठेवावे. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत देतात. लेप्टोस्पायरोसिस भातखाचरांच्या दिवसांत कुत्र्यांना व माणसांनाही होतो. दोडामार्ग-बांदा भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळल्याने गोचिडांची धास्ती आहे. तो पसरवणारी रानातील गोचीड निराळी, कुत्र्यावर सर्रास आढळणारी तपकिरी गोचीड निराळी; तरी हातमोजे घालूनच ती काढावी.

रेबीज लहान पिल्लालाही होतो. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागल्यास साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हे काम नेहमी करणाऱ्यांनी प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असावी. पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांनी देतात. गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाले आणि माणसांतील रेबीज जवळजवळ नाहीसा झाला. उरलेल्या किनाऱ्याने हा मार्ग घेण्यास कोणतीही शास्त्रीय अडचण नाही.

कायदा : उपाशी किंवा तहानलेले राहील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र ५० रुपयांपर्यंतच असून तो आज कोणालाही परावृत्त करत नाही. प्राण्याला ठार वा अपंग केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

पुनर्वसन : तिसऱ्या ते सुमारे बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसांशी व कुत्र्यांशी वागणे शिकते. उपचारांचा काळ नेमका हाच असल्याने पिंजऱ्यातही त्याला रोज माणसांचा सहवास द्यावा. हातावर वाढलेले पिल्लू एकटे रस्त्यावर सोडणे म्हणजे दुसऱ्या टोळीच्या तोंडी देणे होय. त्याला घरच शोधावे. तीन पायांचे पिल्लू पडवी-खळ्याच्या घरात उत्तम रुळते. दत्तक देताना सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करण्याची अट घालावी. वस्तीतल्या कुत्र्यांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी परत सोडण्याची तरतूद २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आहे. वेळाससारख्या किनाऱ्यांवर, जेथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात, तेथे कुत्री अंडी उकरतात. अशा गावांत वाढवलेले पिल्लू नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री बांधलेले असावे, आणि वाळूलगतच्या घरांऐवजी आतल्या वाडीतील घर त्याच्यासाठी निवडावे.