डोळ्यातील मेलॅनोमा : शस्त्रक्रिया

डोळ्यातल्या रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींपासून नेत्रगोलकाच्या आत होणारा कर्करोग. प्रौढांच्या डोळ्यात मूळ धरणाऱ्या कर्करोगांत तो सर्वाधिक आढळतो. गाठ बहुधा दृष्टिपटलामागच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरात असते. रोमक पिंड (भिंगाभोवतीचा स्नायूचा भाग) आणि परितारिका (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांत क्वचित. युरोपात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला पाच-सहा रुग्ण सापडतात, भारतात त्याहून बरेच कमी. त्यामुळे खानदेशातल्या नेत्रतज्ज्ञांपुढेही असा रुग्ण क्वचितच येतो आणि म्हणूनच तो नजरेतून सुटू शकतो.

पूर्ण पिकलेल्या मोतीबिंदूमागे डोळ्याचा तळ दिसत नाही. अशा वेळी बी-स्कॅन सोनोग्राफी (ध्वनिलहरींनी डोळ्याच्या आतले चित्र घेणारी तपासणी) करायलाच हवी. त्यात ही गाठ पुष्कळदा भूछत्रासारखी दिसते. दृष्टी गेलेल्या, दुखणाऱ्या डोळ्याबाबत तर ही तपासणी टाळणे अक्षम्य आहे. तो डोळा आतून रिकामा करण्याची शस्त्रक्रिया सोपी असते, पण आत मेलॅनोमा असेल तर तीच गाठीच्या पेशी डोळ्याच्या खोबणीत सोडते. गाठीची शंका असेल तर गोलक अखंडच काढावा लागतो.

अखंड गोलक काढताना डोळा हलवणारे स्नायू सोडवतात आणि दृष्टिचेता (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस) मागे कापतात. खोबणीत गोलकाची जागा भरणारी कृत्रिम गोळी बसवून स्नायू तिच्याशी जोडतात आणि सुमारे सहा आठवड्यांनी कृत्रिम डोळा लावतात. काढलेला गोलक सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी पाठवणे हा उपचाराचाच भाग आहे. गाठ फार मोठी असेल किंवा दृष्टी वाचण्याची आशा नसेल तेव्हा हाच मार्ग उरतो.

मध्यम आकाराच्या गाठीसाठी किरणोत्सारी चकती श्वेतपटलावर (डोळ्याच्या पांढऱ्या बाह्य आवरणावर) टाके घालून बसवतात आणि काही दिवसांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढतात. रुथेनियम-106 या किरणोत्सारी द्रव्याची देशी चकती भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवली आहे. आयोडीन-125 या दुसऱ्या द्रव्याची चकती वापरून अमेरिका व कॅनडात 1,317 रुग्णांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांतले मृत्यू चकती लावलेल्यांत 18 टक्के आणि डोळा काढलेल्यांत 19 टक्के निघाले. म्हणजे डोळा राखल्याने जीव अधिक धोक्यात येत नाही. दृष्टी मात्र टिकेलच असे नाही; चकती लावलेल्या जवळपास निम्म्यांची नजर तीन वर्षांत बरीच खालावली. हे रुग्णाला आधीच सांगायला हवे.

फक्त गाठ कापून काढणेही शक्य असते. परितारिकेवरची लहान गाठ तिच्या तुकड्यासह काढतात. कोरॉइडची गाठ श्वेतपटलाचा पापुद्रा उचलून बाहेरून काढता येते, पण त्यासाठी भूल देताना रक्तदाब बराच खाली आणावा लागतो, म्हणून हृदयविकाराच्या रुग्णाला ही शस्त्रक्रिया मानवत नाही.

“चाकू लागला की गाठ पसरते” ही भीती धुळे-जळगावकडच्या घरांत आजही बोलून दाखवली जाते. तिची टर उडवू नये. डोळा काढताना पेशी रक्तात सुटत असाव्यात, अशी शंका 1978 मध्ये अमेरिकी नेत्रविकृतितज्ज्ञ झिमरमन आणि सहकाऱ्यांनीही मांडली होती. आता समजते ते असे की अनेकांत पेशी शस्त्रक्रियेच्या खूप आधीच शरीरात गेलेल्या असतात. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याने गाठीला वाढायला अवधी मात्र मिळतो.

हा रोग पसरला तर बहुतेकदा यकृतात जातो, कधी दहा-पंधरा वर्षांनीही. मोठे उपचार मुंबईत झाले तरी ठरावीक काळाने यकृताची सोनोग्राफी धुळे, जळगाव किंवा नंदुरबारला होऊ शकते. पोटाच्या तक्रारीसाठी आलेल्या माणसाचा एक डोळा कृत्रिम दिसला, तर तो कशामुळे काढला होता हे गावच्या डॉक्टरांनी जरूर विचारावे, आणि रुग्णानेही डोळा काढल्याचे कागद जपून ठेवावेत.