नाताळ सांताक्लॉजचा सण नाही

‘तुमचा सांताक्लॉजचा सण आला ना?’ कापूस वेचणीच्या दिवसांत गावात हे दरवर्षी ऐकतो. नाही हो! सांतामागचे संत निकोलस चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायराचे बिशप. त्यांचा स्मरणदिन ६ डिसेंबर. नाताळ येशूच्या जन्माचा. २५ डिसेंबर ही तारीख बायबलात नाही, ती चर्चने पुढे ठरवली. आमच्यासाठी मोठी आहे ती गव्हाण. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्राच्या पुस्तकात, उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत निजवलं, आणि बातमी आधी कळली ती रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. देव असा गरिबाघरी आला, हाच आमचा विश्वास. चर्चमधल्या गव्हाणीसाठी आई कोठ्यातून कुटार नेते, अंथरून हातानं दाबून बघते, बाळाला टोचणार तर नाही ना.