टाळेबंदीत हवा निवळली, मग ओझोन का वाढला?

‘लॉकडाऊनमध्ये माणूस घरात बसला आणि ओझोनचं छिद्र बुजलं’ हा मजकूर जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजूनही फिरतो. उत्तर ध्रुवावर, खूप उंचावरच्या ओझोनच्या संरक्षक थरातलं एक मोठं छिद्र २०२०च्या एप्रिलमध्ये खरंच बुजलं, पण ते ध्रुवाभोवती घोंगावणारा थंड वाऱ्यांचा भोवरा मोडल्यामुळे. आपल्या गाड्या बंद होत्या म्हणून नव्हे. जमिनीलगत, जिथे ओझोन हे प्रदूषण असतं, तिथे तर उलटंच घडलं. देशातल्या २२ शहरांच्या नोंदी तपासल्या तेव्हा टाळेबंदीच्या सुरुवातीच्या आठवड्यांत सूक्ष्म धूलिकण (पीएम २.५) आधीच्या वर्षांपेक्षा सुमारे ४३ टक्के कमी आणि नायट्रोजन डायऑक्साइड १८ टक्के कमी आढळला. ओझोन मात्र १७ टक्के वाढला होता!

ही रसायनाची गंमत मला फार आवडते. ओझोन कुठल्याही धुराड्यातून निघत नाही, तो हवेतच तयार होतो. सूर्यप्रकाशातले अतिनील आणि जांभळे किरण नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू फोडतात. त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला चिकटला की ओझोन होतो. मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड तोच ओझोन खाऊन पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. एवढंच चालू असतं तर हिशेब बरोबरीत सुटला असता. पण पेट्रोलची वाफ, थिनर, लाकूडफाट्याचा धूर यांतून सेंद्रिय (कार्बनयुक्त) वायू येतात. हवेतलं हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूची अतिशय चपळ जोडी) त्यांच्यावर तुटून पडतं आणि पेरॉक्सी मूलकं, म्हणजे ऑक्सिजन जोडलेले अस्थिर तुकडे, तयार होतात. ही मूलकं नायट्रिक ऑक्साइडचा परस्पर नायट्रोजन डायऑक्साइड बनवतात. ओझोन खर्च होत नाही, साचत जातो.

आता वाहनं थांबली. त्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे ओझोन खाणाराच, कमी झाला. दाट वाहतुकीच्या शहरात आणखी एक गोष्ट होते: एरवी बरंचसं हायड्रॉक्सिल नायट्रोजन डायऑक्साइडशी जुळून नायट्रिक आम्लात अडकून पडतं. आता ते मोकळं राहिलं आणि सेंद्रिय वायूंकडे वळलं. त्यात धूळ-धूर कमी म्हणून ऊनही स्वच्छ.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन किती असतं हे भुसावळकरांना सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे ओझोनला लागणारा प्रकाश आणि उष्णता दोन्ही इथे भरपूर. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत जळगाव आहे, पण त्या कार्यक्रमाचं मुख्य लक्ष धूलिकणांवर आहे. तेही हवंच. रिकाम्या शेतातून उडणारी माती, चुली आणि बांधावर जाळलेल्या पऱ्हाट्या टाळेबंदीच्या हुकमाने थांबत नव्हत्या. मात्र ओझोनही मोजायला हवा, कारण तो फुप्फुसांना जाळतो आणि कपाशीच्या पानांनाही इजा करतो.

त्याच काळात घरोघरी गोवऱ्या, तूप, कापूर जाळून ‘हवा शुद्ध करा’ असे सल्लेही फिरत होते. गोवरीच्या धुरात तेच सूक्ष्म धूलिकण असतात. बंद खोलीत तर ते कित्येक पटींनी वाढतात. दम्याच्या माणसाशेजारी हे करणं घातक आहे.

ओझोन दुपारी सर्वांत जास्त असतो. तो वायू असल्यामुळे साध्या कापडी मास्कने अडत नाही. दमेकऱ्यांनी आणि लहान मुलांनी उन्हाळ्यात फिरणं, खेळणं सकाळी लवकर उरकावं. आणि ओझोन खरोखर उतरवायचा असेल तर गाड्यांच्या धुराबरोबरच पेट्रोलची वाफ आणि उघड्यावर जाळलेला कचराही आटोक्यात आणावा लागेल.