ॲड्रेस ब्लॉक की सुटी फील्ड्स? पाकिटावरच्या पत्त्याचा प्रश्न

लग्नपत्रिका असोत, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा असोत की दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांची पाकिटं, पत्ते आता वहीत नसतात. ते गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये नाहीतर एक्सेलमध्ये असतात, आणि तिथून पाकिटावर उतरवायचे म्हटलं की बहुतेक जण वर्डच्या मेल मर्जकडे, म्हणजे यादीतले पत्ते एकेका पाकिटावर आपोआप भरणाऱ्या सोयीकडे, वळतात. तिथे मेलिंग्ज टॅबवर एकाच गटात दोन बटणं दिसतात: अख्खा पत्ता एकदम टाकणारा ॲड्रेस ब्लॉक आणि यादीतला एकेक स्तंभ सुटा टाकणारं इन्सर्ट मर्ज फील्ड. दोन्हींतून शेवटी पाकिटावर पत्ताच उमटतो, म्हणून दोन्ही सारखीच वाटतात. पहिल्याने एका क्लिकमध्ये काम होतं, मग दुसऱ्याच्या वाटेला जायचं कशाला, असंही वाटतं. पण पत्त्यात काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने यावं हे ब्लॉकमध्ये वर्ड ठरवतं आणि सुट्या फील्ड्समध्ये तुम्ही. पत्ते महाराष्ट्रातले असतील तर हा फरक पहिल्याच पाकिटावर दिसतो.

ॲड्रेस ब्लॉक म्हणजे आधीच रचून ठेवलेला पत्ता. त्याचे कप्पे ठरलेले आहेत: नावाआधीची उपाधी, नाव, आडनाव, कंपनी, पत्त्याची पहिली ओळ, दुसरी ओळ, शहर, राज्य, पोस्टल कोड, देश. तुमच्या यादीतला कोणता स्तंभ कोणत्या कप्प्यात जायचा हे वर्ड स्तंभांच्या नावांवरून ताडतं आणि ताडता आलं नाही तर मॅच फील्ड्स या बटणातून तुम्हाला सांगू देतं. इथेच मोठी गफलत होते. मॅच फील्ड्समधून पत्त्याची मांडणी बदलेल असं अनेकांना वाटतं. ते बटण फक्त ‘हा स्तंभ म्हणजे शहर’ एवढं सांगण्यापुरतं आहे. ओळींचा क्रम, स्वल्पविराम, पिन शहरासमोर की खालच्या ओळीत, यातलं काही त्याच्या हातात नाही. ऑल्ट आणि एफ9 दाबून ब्लॉकच्या आतला कोड उघडता येतो आणि तिथे क्रम बदलताही येतो, पण ते वाचून डोकं धरायची वेळ येते. इतका खटाटोप करायचाच असेल तर सुटी फील्ड्स घेतलेली बरी.

आता ‘मु. पो. वडगाव, ता. अमुक, जि. तमुक’ असा पत्ता या कप्प्यांत बसवून बघा. वडगाव शहराच्या कप्प्यात गेलं. तालुका कुठे? जिल्हा कुठे? राज्याच्या कप्प्यात जिल्हा कोंबला तर राज्य बाहेर राहतं. ही अडचण एकट्या वर्डची नाही. फोनमधले संपर्क ज्या व्हीकार्ड स्वरूपात इकडून तिकडे जातात, त्यातही पत्त्याचे सातच भाग आहेत: पोस्ट बॉक्स, वाढीव पत्ता, रस्ता, गाव, राज्य, पोस्टल कोड आणि देश. त्यामुळे तालुका-जिल्हा बहुतेक वेळा रस्त्याच्या ओळीतच टाकलेला असतो, तोही प्रत्येकाने आपल्या मनाने. कुणी ‘ता.’, कुणी ‘तालुका’, कुणी दोन्ही गाळून नुसतंच नाव.

गुगलची यादी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. तिथून सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी यादी) उतरवली की स्तंभांच्या नावात ‘ॲड्रेस 1’ असं येतं. गुगलच्या भाषेत त्याचा अर्थ त्या माणसाचा पहिला पत्ता, म्हणजे घरचा वगैरे. दुसरा पत्ता असेल तर तो ‘ॲड्रेस 2’. वर्डच्या ॲड्रेस ब्लॉकमध्ये ‘ॲड्रेस 1’ म्हणजे त्याच पत्त्याची पहिली ओळ. नाव एक, अर्थ वेगळे. जुळणी डोळे मिटून मान्य केली तर एकाच पाकिटावर घरचा आणि ऑफिसचा पत्ता एकाखाली एक छापून येऊ शकतो. आणि यादी मराठीत असेल तर ती सीएसव्ही एक्सेलमध्ये नुसती डबल-क्लिक करून उघडू नका. डेटा टॅबवरून आत घ्या आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं वाचण्याची पद्धत, यूटीएफ-8 निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसण्याची शक्यता असते.

सुट्या फील्ड्सचा खरा फायदा ग्रामीण पत्त्यांवर दिसतो. एक्सेलमध्ये नाव, घर, रस्ता, गाव, तालुका, जिल्हा, पिन आणि देश असे वेगळे स्तंभ करा आणि प्रत्येक फील्ड पाकिटावर आपल्याला हवं तिथे ठेवा. मग प्रश्न येतो ‘ता.’ आणि ‘जि.’ या अक्षरांचा. ती फील्डच्या आधी सरळ टाइप केली तर ज्या शहरी पत्त्यात तालुकाच नाही, तिथेही पाकिटावर एकटं ‘ता.’ लटकत राहतं. यावर उपाय वर्डमध्येच आहे. इन्सर्ट टॅबमधल्या क्विक पार्ट्समधून फील्ड उघडा आणि मर्जफील्ड निवडा. तिथे आधी घालायचा मजकूर आणि नंतर घालायचा मजकूर अशा दोन जागा आहेत. आधीच्या जागेत ‘ता. ’ लिहिलं की तालुका भरलेला असेल तरच ती अक्षरं छापली जातात, रिकामा असेल तर तीही गायब. ही छोटीशी सोय माहीत नसल्यामुळे लोक ‘जर-तर’ नियमांच्या जंजाळात शिरतात. ॲड्रेस ब्लॉकच्या खिडकीत असं काही करायला जागाच नाही.

पिनचीही तीच गोष्ट. भारतात पिन कोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला. त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावं आणि वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते, यातून वाट काढण्यासाठी सहा आकडे ठरले. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून छाननीच्या जिल्ह्याचे आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. महाराष्ट्र आणि गोवा चारवर सुरू होतात, नऊ लष्कराच्या टपालासाठी राखलेला आहे. म्हणजे पाकिटावर सगळ्यात ठसठशीत दिसायला हवा तो पिन. सुट्या फील्डमध्ये फक्त पिन मोठा आणि ठळक करता येतो. ब्लॉकमध्ये जे करायचं ते अख्ख्या पत्त्याला.

भारतीय पिन शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे एक्सेल त्याचं काही बिघडवत नाही. पण न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्समधल्या नातेवाइकांचे झिप कोड शून्यानेच सुरू होतात, आणि एक्सेल त्यांना संख्या समजून तो शून्य उडवतं. स्तंभ आधीपासून टेक्स्ट म्हणून ठेवावा. तसं राहून गेलं असेल तर सुट्या फील्डला पाच आकड्यांचा साचा लावून शून्य परत आणता येतो. ब्लॉकला ते जमत नाही.

मग ब्लॉक टाकाऊ आहे का? मुळीच नाही. परदेशी पत्त्यांवर त्याच्यासारखी सोय दुसरी नाही. जर्मनीत पोस्टल कोड शहराच्या आधी येतो, अमेरिकेत शहर आणि राज्याच्या नंतर, ब्रिटनमध्ये शहराखाली स्वतंत्र ओळीत. पाच देशांत पसरलेल्या यादीसाठी पाच मांडण्या हाताने करत कोण बसणार? ब्लॉकच्या खिडकीत पत्ता त्या-त्या देशाच्या पद्धतीने मांडण्याचा एक चौकोन आहे; त्यावर खूण केली की वर्ड देशाचा स्तंभ पाहून रचना बदलतं. अर्थात देशाचा स्तंभ भरलेला हवा आणि देशाचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिलेलं हवं. दुसरी सोय देशाच्या नावाची. ते कधीच छापू नये, नेहमी छापावं, किंवा अमुक देश सोडून इतरांनाच छापावं, असे तीन पर्याय आहेत. तिसऱ्यात भारत लिहिलं की पुण्याच्या पाकिटावर देश येत नाही आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या पाकिटावर येतो. हेच सुट्या फील्ड्समध्ये करायचं तर रूल्समधला ‘जर-तर’ नियम लिहावा लागतो. मॅकवरचं कॉन्टॅक्ट्स ॲपही याच विचाराचं आहे. तिथून पाकिटं छापताना पत्त्याची रचना कार्डावर निवडलेल्या देशाप्रमाणे येते आणि पाकिटावर सुटी फील्ड्स हलवायची सोय नाही.

नावाबाबत मात्र ब्लॉकचा अमेरिकी चेहरा लपत नाही. त्याच्या खिडकीतले नमुने कुणा जोशुआ रँडलचे असतात. आपलं स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव, आणि त्याच्या आधी ‘श्री. व सौ.’, हे त्यांत ओढूनताणून बसतं. एक्सेलमध्ये पूर्ण नावाचा एकच स्तंभ करून तो सुटा टाकला की वाद मिटतो. ब्लॉक वापरताना ओळींमध्ये उगाच मोकळी जागा सुटत असेल तर ब्लॉक निवडून परिच्छेदानंतरची जागा शून्य करा. पत्ता आवळून येतो.

माझ्या मते आपल्याकडच्या यादीसाठी सुटी फील्ड्सच घ्यावीत, एकदा अर्धा तास गेला तरी. देशातले आणि परदेशातले पत्ते एकाच यादीत मिसळलेले असतील तर एकाच साच्यात दोन्ही बसवण्याचा हट्ट करू नका. एडिट रेसिपिएंट लिस्टमध्ये देशावर गाळणी लावून दोन वेगळ्या फाइली करा: एक सुट्या फील्ड्सची, भारतासाठी; दुसरी ब्लॉकची, बाहेरच्यांसाठी. दोन्हींत फिनिश ॲण्ड मर्जमधून थेट प्रिंटरकडे जाण्याआधी सुटी कागदपत्रं म्हणून एक फाइल काढा आणि सगळ्यात लांब पत्त्याचं पान शोधून तेवढंच साध्या कागदावर छापा. तो कागद पाकिटावर धरून उजेडासमोर बघितला की पत्ता कडेबाहेर जातोय का, तिकिटाच्या जागेत घुसतोय का, ते लगेच कळतं. परदेशी पाकिटांवर देशाचं नाव सगळ्यात खालच्या ओळीत आणि मोठ्या रोमन अक्षरांत आलंय ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या.