यादीतले कुत्रे: जातबंदीचे कायदे आणि त्यांना झालेल्या विरोधाची पार्श्वभूमी

कुत्र्याने काय केले हे न बघता तो कोणत्या जातीचा आहे एवढ्यावरून बंदी घालायची, ही कल्पना पिटबुलपासून सुरू झालेली नाही. ऑस्ट्रेलियाने 1929 मध्ये जर्मन शेफर्डच्या आयातीवर बंदी घातली. हा कुत्रा डिंगो या तिथल्या रानकुत्र्याशी संकर करील आणि त्या पिल्लांपासून मेंढ्यांचे कळप वाचणार नाहीत, अशी मेंढीपालकांना धास्ती होती. ती बंदी 1970 च्या दशकात उठली. तोवर तीच जात जगभर पोलिसांची आणि अंधांची सोबती म्हणून रुळली होती.

पिटबुलची गोष्ट मात्र जास्त गुंतागुंतीची आहे, आणि आजचे बहुतेक कायदे तिच्याभोवतीच उभे आहेत. इंग्लंडमध्ये 1835 च्या कायद्याने बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ बंद झाला. त्यानंतर बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून झुंजीचे कुत्रे निपजवले गेले आणि त्यांतले काही अमेरिकेत गेले. तिथे 1898 मध्ये युनायटेड केनेल क्लब या जातनोंदणी करणाऱ्या संस्थेने त्यांची 'अमेरिकन पिटबुल टेरियर' म्हणून नोंद सुरू केली. 1936 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने जवळपास त्याच कुत्र्यांना 'स्टॅफर्डशायर टेरियर' या नावाने घेतले. म्हणजे एकाच पिल्लाची दोन नोंदवह्यांत दोन नावांनी नोंद होऊ शकत होती. शिवाय नोंदणीच नसलेले, कागद नसलेले संकरित कुत्रे या सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. 'पिटबुल' या नावाची काटेकोर आखलेली एक जात कधीच नव्हती, आणि पुढच्या प्रत्येक कायद्याची अडचण इथूनच सुरू होते.

1976 मध्ये अमेरिकेत राज्यांच्या सीमा ओलांडून चालणाऱ्या झुंजींविरुद्ध केंद्रीय कायदा झाला. झुंजींवरच्या बातम्या वाढल्या, आणि धाक दाखवायला कुत्रा हवा असणाऱ्यांना नेमका तोच कुत्रा हवासा वाटू लागला. साखळीला बांधलेले, माणसांत न वाढलेले, निर्बीजीकरण न झालेले कुत्रे वाढले की चावेही वाढणारच. 1980 मध्ये फ्लोरिडातल्या हॉलीवूड शहराने पिटबुलमालकांना 25,000 डॉलरच्या दायित्व विम्याची (कुत्र्याने इजा केल्यास भरपाई देणाऱ्या विम्याची) अट घातली. न्यायालयाने तो नियम 1982 मध्ये रद्द केला. न्यू मेक्सिकोतल्या तिहेरास या छोट्या गावाने 1984 मध्ये सरळ बंदी घातली, आणि ती 1988 मध्ये अपिलातही टिकली. 1989 मध्ये डेन्व्हर आणि मायामी-डेड यांनी बंदी आणली.

इथे विरोधकांना एक धडा मिळाला, तो आजही लागू आहे: संविधानाच्या मुद्द्यावर हे कायदे सहसा पडत नाहीत. सार्वजनिक सुरक्षेसाठी केलेल्या कायद्याला थोडा जरी तर्कसंगत आधार दिसला, तरी न्यायालये हात घालत नाहीत. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये टोलेडो शहराचा नियम उचलून धरला. ओंटारियोची 2005 ची बंदी तिथल्या अपील न्यायालयाने 2008 मध्ये कायम ठेवली. जर्मनीच्या संविधान न्यायालयानेही 2004 मध्ये चार जातींच्या आयातबंदीला मान्यता दिली. यश मिळाले ते विधिमंडळांत आणि मतदानात. ओहायोने 2012 मध्ये कायद्यातल्या 'हिंस्र कुत्रा' या व्याख्येतून पिटबुलचा उल्लेखच काढला. डेन्व्हरमध्ये नोव्हेंबर 2020 च्या मतदानात सुमारे 65 टक्के लोकांनी बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. मायामी-डेडच्या मतदारांनी मात्र 2012 मध्ये बंदी राखली होती. ती 1 ऑक्टोबर 2023 ला राज्याच्या नव्या कायद्याने संपली.

ब्रिटनचा 1991 चा धोकादायक कुत्रे कायदा हा या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू, कारण अनेक देशांनी त्याच्याच धर्तीवर याद्या केल्या. त्या वर्षीच्या वसंतात काही भीषण हल्ल्यांच्या बातम्या लागोपाठ आल्या, गृहमंत्री केनेथ बेकर यांच्यावर दबाव वाढला आणि विधेयक काही आठवड्यांत मंजूर झाले. 12 ऑगस्ट 1991 पासून पिटबुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलिएरो यांची विक्री व प्रजनन बेकायदा ठरले, आणि 30 नोव्हेंबरपासून सूट नसताना ते पाळणेही. यांतल्या शेवटच्या तीन जाती ब्रिटनमध्ये जवळपास नव्हत्याच. खरा प्रश्न पिटबुलचा, आणि तोच ओळखायचा कसा हे कायद्यात लिहिलेले नव्हते.

कायद्याने 'जात' न म्हणता 'प्रकार' म्हटले. 1993 मध्ये न्यायालयाने त्याचा अर्थ लावला: वंशावळ महत्त्वाची नाही, अमेरिकन डॉग ब्रीडर्स असोसिएशनच्या मानकातली पुरेशी लक्षणे कुत्र्यात दिसली की तो पिटबुल प्रकारचा. त्यामुळे लॅब्राडॉर आणि स्टॅफर्डशायर बुल टेरियरच्या संकरातून झालेले पिल्लूही, डोके रुंद आणि छाती खोल निघाली तर, बंदीत येऊ शकते. त्याचे भाऊ-बहीण येतीलच असे नाही. डीएनए चाचणीने इथे काहीच सिद्ध होत नाही, कारण कायदा रक्ताबद्दल बोलतच नाही. त्यावर आणखी एक कलम: फिर्यादी पक्षाने कुत्रा त्या प्रकारचा आहे असे म्हटले, की तो तसा नाही हे मालकाने सिद्ध करायचे. फौजदारी कायद्यात पुराव्याचा भार असा आरोपीवर टाकणे क्वचित दिसते, आणि विरोधकांचा सर्वांत जुना आक्षेप त्यालाच आहे.

सुरुवातीला न्यायाधीशांना पर्यायही नव्हता. गुन्हा ठरला की कुत्रा मारण्याचा आदेश देणे बंधनकारक. डेम्प्सी नावाची कुत्री आजारी वाटली म्हणून फिरवताना तिच्या तोंडावरचे मुसके 1992 मध्ये क्षणभर काढले गेले, तेवढ्यावरून तिला मृत्यूचा आदेश झाला. तीन वर्षे कज्जा चालला आणि 1995 मध्ये ती सुटली. 1997 च्या दुरुस्तीने न्यायाधीशांना विवेकाधिकार मिळाला: कुत्रा धोकादायक नाही असे पटले तर त्याची सूट-नोंदवहीत, म्हणजे बंदीतून वगळलेल्या कुत्र्यांच्या यादीत, नोंद करता येते. अटी अशा: निर्बीजीकरण, मायक्रोचिप, त्रयस्थ-दायित्व विमा, घरात कुंपणबंद व्यवस्था, बाहेर कायम मुसके आणि दोरी. मात्र असा कुत्रा विकता येत नाही, भेट देता येत नाही, आणि आसरागृहाला तो नवीन घरी पाठवता येत नाही. सोडून दिलेला पिटबुल प्रकारचा कुत्रा स्वभावाने कितीही शांत असला, तरी आसरागृहाच्या हातात बहुतेक वेळा मारण्याची सुईच उरते. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टचा लेनॉक्स दोन वर्षे पालिकेच्या ताब्यात राहून 2012 मध्ये मारला गेला. त्याने कोणाला चावल्याची नोंद नव्हती.

आणि सुरक्षा? इंग्लंडमध्ये कुत्र्याच्या चाव्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण 1998 मध्ये लाखामागे 6.34 होते, ते 2018 मध्ये 14.99 झाले. वाढ जवळजवळ सगळी प्रौढांमधली. यावरून बंदीने चावे वाढवले असे कोणी म्हणू नये. पण चावे कमी करण्याचा हेतू साधला नाही, एवढे निश्चित.

ओळखीचा प्रश्न अमेरिकन संशोधकांनी आकड्यांत मांडला. फ्लोरिडातल्या चार आसरागृहांतल्या 120 कुत्र्यांवरचा अभ्यास 2015 मध्ये आला. कर्मचाऱ्यांनी नुसते बघून 62 कुत्र्यांना पिटबुल प्रकारचे म्हटले. डीएनएत तो वंश 120 पैकी 25 मध्येच सापडला. ही रोज कुत्रे हाताळणारी माणसे होती. शेजाऱ्याची तक्रार, पोलिसांचा पंचनामा आणि वर्तमानपत्राचे शीर्षक यांतली 'जात' याहून किती भरवशाची असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

जातनिहाय मृत्यूंची जी आकडेवारी बंदीच्या बाजूने दिली जाते, तिचा उगम बहुधा 2000 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात असतो. 1979 ते 1998 या काळातल्या 238 मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिकांत पिटबुल प्रकारचे कुत्रे आणि रॉटवायलर होते. हे खरे, आणि लपवण्याचे कारण नाही. पण त्याच लेखकांनी लिहिले की कुत्र्यांच्या जातवार संख्येची विश्वसनीय आकडेवारी नसल्याने यावरून कोणत्या जातीचा धोका किती हे ठरवता येत नाही. 2013 च्या अभ्यासाने 2000 ते 2009 मधले 256 मृत्यू एकेक करून तपासले. 87 टक्के घटनांत मध्ये पडू शकेल असे सक्षम माणूस जवळ नव्हते. 85 टक्के घटनांत बळी पडलेल्याची कुत्र्याशी ओळख नव्हती किंवा नावापुरतीच होती. 84 टक्के कुत्र्यांचे निर्बीजीकरण झालेले नव्हते. 76 टक्के कुत्रे घरातल्या माणसांत न मिसळता बाजूला, आवारात किंवा साखळीवर ठेवलेले होते. असे चार किंवा अधिक घटक 80 टक्के घटनांत एकत्र आले होते. जात खात्रीने सांगता आली ती सुमारे 18 टक्के घटनांतच. 2022 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासातही, कुत्र्याकुत्र्यांतल्या वर्तनाच्या फरकापैकी जातीने समजावता येणारा वाटा सुमारे 9 टक्केच निघाला.

बंदीच्या बाजूला काहीच पुरावा नाही, असे मात्र नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतावरच्या 2013 च्या अभ्यासात बंदी असलेल्या भागांत रुग्णालयात जाण्याजोगे चावे काहीसे घटलेले दिसले. मोठा, ताकदवान कुत्रा चावला तर जखम खोल होते हेही खरे. विरोधी बाजूची काही मंडळी हे मुद्दे टाळतात आणि सुनावणीत पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. 'माझा कुत्रा गरीब आहे' या वाक्याने आजवर एकही यादी मागे घेतली गेलेली नाही.

युरोपात माघारी झाल्या त्या पुराव्यावर आणि प्रक्रियेवर. नेदरलँड्सने 1993 चा पिटबुल नियम चावे कमी न झाल्याने 2008 मध्ये गुंडाळला. इटलीने 2003 मध्ये तब्बल 92 जातींची यादी काढली आणि 2009 मध्ये ती पूर्ण रद्द करून जबाबदारी मालकावर टाकली. जर्मनीत लोअर सॅक्सनीचा जातींवर आधारलेला नियम 2002 मध्ये केंद्रीय प्रशासकीय न्यायालयात कोसळला: एवढे मोठे बंधन घालायला विधिमंडळाचा कायदा हवा, प्रशासनाचा नियम पुरत नाही. त्या राज्याने 2003 चा नवा कायदा यादीविना केला. पुढे नव्या मालकांना परीक्षा लागू झाली: कुत्रा घेण्याआधी लेखी, घेतल्यावर वर्षभरात प्रात्यक्षिक.

पर्यायांमध्ये कॅनडातल्या कॅलगरीचे उदाहरण सर्वाधिक दिले जाते. 2006 च्या तिथल्या नियमात जातीचा उल्लेख नव्हता. प्रत्येक कुत्र्याला परवाना, मोकाट सोडल्यास व चावल्यास वाढता दंड, आणि चावणाऱ्या कुत्र्यावर त्याच्या वागण्यानुसार निर्बंध. यात बिघाड होतो तो एकाच ठिकाणी: परवान्याचे पैसे तपासनीसांवर खर्च झाले नाहीत, तर कायदा कागदावरच राहतो. डेन्व्हरने मधला मार्ग काढला: पिटबुलला अटींचा परवाना, आणि 36 महिने नियमभंग झाला नाही तर साधा परवाना.

ब्रिटन मात्र उलट दिशेने गेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 31 डिसेंबर 2023 पासून एक्सएल बुली या थोराड कुत्र्याची विक्री व प्रजनन, आणि 1 फेब्रुवारी 2024 पासून सूट-दाखल्याविना ताबा, बेकायदा झाला. अर्जाचे शुल्क 92.40 पौंड होते. या व्याख्येत उंचीची अट आली: खांद्यापाशी नर 20 इंच, मादी 19 इंच किंवा अधिक, आणि सोबत डोके-छातीची लक्षणे. एका इंचाच्या फरकाने एकाच वेतातली दोन भावंडे कायद्याच्या दोन बाजूंना जातात, आणि पिल्लू कुठे जाणार हे ते पूर्ण वाढेपर्यंत सांगता येत नाही. सावधगिरी म्हणून हजारो मालकांनी नोंद करून टाकली. एकदा नोंद झाली की अटी कुत्र्याच्या आयुष्यभर.

भारतात नोव्हेंबर 2022 च्या सुमारास गाझियाबाद पालिकेने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो यांवर निर्बंध आणले. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना पत्र पाठवून 23 जाती व त्यांच्या संकरांची आयात, प्रजनन आणि विक्री थांबवण्यास, तसेच आधीच पाळलेल्यांचे निर्बीजीकरण करण्यास सांगितले. यादी बघितली तर घाई दिसते. तोसा इनू आणि जपानी तोसा ही एकाच जातीची नावे दोनदा येतात. 'टेरियर' हा अख्खा गट आहे, म्हणजे शब्दशः यॉर्कशायर टेरियरही त्यात. 'बॅनडॉग' ही नोंदलेली जातच नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2024 रोजी ते पत्रक रद्द केले: संबंधितांचे म्हणणे ऐकलेच नव्हते. योग्य प्रक्रिया पाळून नव्याने निर्णय घेण्याची मुभा सरकारला राहिली, आणि मे 2024 मध्ये विभागाने जाहीर हरकती मागवल्या.

अशा मसुद्यावर हरकत लिहिताना उपयोगी पडतात ते नेमके प्रश्न: प्रत्येक नाव कोणत्या मानकानुसार, संकर किती पिढ्यांपर्यंत, ओळख कोण पटवणार, त्याचे प्रशिक्षण काय, अपील किती दिवसांत आणि कोणाकडे, तोवर कुत्रा कुठे राहणार व त्याचा खर्च कोण करणार. सोबत पर्यायी कलमाचा मसुदा जोडावा. मालकाने स्वतःच्या कुत्र्याची फाइल आधीच तयार ठेवावी: मायक्रोचिपचा क्रमांक, रेबीज लशीच्या व निर्बीजीकरणाच्या तारखा, पशुवैद्याने मोजलेली उंची व वजन, प्रशिक्षणाचा दाखला, आणि उभ्या कुत्र्याचे समोरून व बाजूने काढलेले फोटो. पशुवैद्यकीय कार्डावर जातीच्या रकान्यात अंदाजाने काहीतरी लिहून घेऊ नये. वंशावळीचे कागद नसतील तर 'संकरित' लिहावे. कज्ज्यात तोच रकाना सर्वांत आधी वाचला जातो.