पार्श्वभूमी : रणभूमीवरच्या हलक्या जनित्राची वाटचाल

९ नोव्हेंबर २०१८ रोजी देवळालीत एम-७७७ ही तोफ भारतीय लष्करात दाखल झाली. टायटॅनियमच्या वापरामुळे तिचे वजन सव्वाचार टनांच्या आसपास असून हेलिकॉप्टरला टांगून ती डोंगरमाथ्यावर नेता येते. मात्र त्या माथ्यावर वायरलेस, रडार आणि संगणक यांना वीज लागते. ती पुरवणारे जनित्र हलके करण्याचा प्रश्न तोफेइतका चर्चेत आला नसला, तरी त्याचा इतिहास बराच जुना आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या एससीआर-२८४ या वायरलेस संचाचे संदेश ऐकण्याचे काम बॅटरीवर चाले. संदेश पाठवायचा झाला की एका जवानाला जीएन-४५ हे जनित्र हाताने फिरवत बसावे लागे. पेट्रोल इंजिनाने ते कष्ट वाचवले, पण त्याचा आवाज शत्रूला ठावठिकाणा कळवी आणि ठिणगीमुळे वायरलेसमध्ये खरखर येई. फिलिप्स कंपनीने १९३०च्या दशकाच्या अखेरीस रेडिओसाठीच बाह्यज्वलनाच्या, म्हणजे इंधन सिलिंडरच्या बाहेर जाळणाऱ्या, स्टर्लिंग इंजिनावर काम सुरू केले होते. त्यावर चालणारे सुमारे २०० वॅटचे शांत जनित्र १९५०च्या दशकाच्या सुरुवातीस तयार झाले, तोवर बॅटरीवर चालणारे रेडिओ येऊ लागल्याने ते जेमतेम दीडशेच बनले. पुढे १९६०च्या दशकात जनरल मोटर्सने अमेरिकी लष्करासाठी जीपीयू-३ हा ३ किलोवॅटचा स्टर्लिंग संच बांधला. तोही सर्रास वापरात आला नाही.

वजन कमी न होण्यामागे एक मूलभूत अडचण होती. दोन ध्रुवांच्या जनित्राला ५० हर्ट्‌झची वीज देण्यासाठी मिनिटाला नेमके ३००० फेरे घ्यावे लागतात. वेग वाढवून यंत्र लहान करावे, तर वारंवारता, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, बिघडते. १९८०च्या दशकात आलेले निओडिमियम चुंबक आणि त्यानंतर स्वस्त झालेले इन्व्हर्टर यांनी ही गाठ सोडवली. इंजिन हव्या त्या वेगाने फिरू लागले आणि वारंवारता सांभाळण्याचे काम इलेक्ट्रॉनिक्सकडे गेले. बाजारात कमाल २ किलोवॅटचा पेट्रोल संच २१ किलोंच्या आत मिळू लागला, तो यामुळेच.

लष्कराला मात्र या सोयीचा पुरता लाभ घेता आला नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात नाटो देशांनी रणांगणावर एकच इंधन, म्हणजे केरोसीन जातीचे विमान-इंधन, वापरण्याचे धोरण स्वीकारले. रसद सोपी झाली, पेट्रोलच्या आगीचा धोकाही घटला. परंतु हे इंधन दाबाने पेटवणाऱ्या डिझेल इंजिनाचा सांगाडा जाडजूड ठेवावाच लागतो, त्यामुळे अमेरिकी लष्कराचा २ किलोवॅटचा डिझेल संच ६० किलोंच्या वर गेला. दोन माणसांनी उचलायचे म्हटले तरी हे ओझे चढावर दमवणारे आहे. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत दूरगामी निर्णय हा एकाच इंधनाचाच होता.

आपल्याकडे हा प्रश्न उंचीने आणखी बिकट केला. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाल्यापासून सैन्य सियाचिनवर आहे. ५००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरते, त्यामुळे टर्बोचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारे यंत्र) नसलेले इंजिन मोठा हिस्सा शक्ती गमावते, आणि कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमध्ये मेण धरते. नाशिकच्या हवेत नीट चालणारा संच तिथे तसाच चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

शिवाय इंधनाची किंमत रुपयांत मोजून भागत नाही. २००७ मध्ये अफगाणिस्तानात इंधन नेणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे एक जण ठार किंवा जखमी होत असल्याचे अमेरिकी लष्कराच्या अभ्यासात आढळले. जनित्रे बहुधा क्षमतेपेक्षा फार कमी भारावर चालतात. मग न जळालेले इंधन धुराड्यात साचते आणि इंजिनही लवकर खराब होते. म्हणून अलीकडे लहान जनित्राला बॅटरीची जोड देऊन ते पूर्ण भारावर थोडाच वेळ चालवण्याकडे कल आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यात विद्युत उपकरणे बनवणाऱ्या उद्योजकांनी अशा संचाचा विचार करताना केवळ यंत्राचे वजन न पाहता, यंत्र, बॅटरी आणि ७२ तासांचे इंधन मिळून किती किलो होतात, तेच आधी मोजावे.