कापून पुन्हा जोडलेलं ‘अ‍ॅट द मूलाँ रूज’

फ्रेंच चित्रकार आंरी द तुलूझ-लोत्रेकचं ‘अ‍ॅट द मूलाँ रूज’ हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. १२३ बाय १४१ सेंटिमीटरच्या या कॅनव्हासजवळ गेलं की उजवीकडे एक उभा आणि तळाशी एक आडवा सांधा दिसतो. हे चित्र कधीतरी कापलं गेलं होतं आणि इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराची ती पट्टी १९१४पर्यंत पुन्हा जोडली गेली. चित्राची अर्धी कहाणी या सांध्यात आहे.

मूलाँ रूज म्हणजे लाल पवनचक्की. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात ६ ऑक्टोबर १८८९ रोजी झोसेफ ओलेर आणि शार्ल झिद्लेर यांनी हे नाचघर उघडलं. दारावरची चक्की निव्वळ शोभेची. तिने पिठाचा कणही दळलेला नाही. खरं आकर्षण होतं पाय उंच उडवत केलेला काद्रिय नाच, आणि त्यातली लुईझ वेबेर. गिऱ्हाइकांचे पेले रिकामे करायच्या सवयीमुळे तिला ‘ला गूल्यू’, म्हणजे हावरी, म्हणत. १८९१मध्ये लोत्रेकने तिच्यावर केलेलं पोस्टर पॅरिसच्या भिंतींवर लागलं आणि तो रातोरात माहीत झाला.

शिकागोच्या चित्रात मात्र कोणीच नाचत नाही. टेबलाभोवती लेखक एदुआर द्युजार्दँ, नर्तकी ला माकारोना, छायाचित्रकार पोल सेस्को, दारूचा व्यापारी मोरिस गिबेर बसलेत. पाठमोरी, लालभडक केसांची बाई ही नर्तकी झान आव्रिल मानली जाते. मागे ला गूल्यू आरशासमोर केस सावरते आहे. तिच्या जवळून लोत्रेकचा उंच आतेभाऊ, डॉक्टर गाब्रिएल तापिए द सेलेराँ, आणि त्याच्या शेजारी बुटका लोत्रेक स्वतः चालला आहे. १३-१४व्या वर्षी त्याच्या दोन्ही मांड्यांची हाडं मोडली, पाय वाढलेच नाहीत. उंची दीड मीटरच्या आसपास राहिली. स्वतःला त्याने चित्रात ना लपवलंय, ना मिरवलंय.

आता तो सांधा. उजव्या कडेला मे मिल्टन या इंग्रज नर्तकीचा हिरवट चेहरा खालून येणाऱ्या उजेडात झगझगतो. कापलेल्या पट्टीत नेमकी हीच बाई होती. ती नसली की टेबलाभोवतीची मंडळी मध्यभागी येतात आणि चित्र बरंच शहाणं, विकाऊ होतं. कात्री चित्रकाराने लावली की विक्रेत्याने, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण पट्टीसह पाहिलं की डावीकडून तिरका येणारा कठडा आणि कडेने कापलेला चेहरा यांची ओढाताण कळते. ही तिरपी मांडणी जपानी छापचित्रांतून आणि फ्रेंच चित्रकार एदगार दगा याच्याकडून आलेली. याच मे मिल्टनचं पोस्टर लोत्रेकने १८९५मध्ये केलं. पिकासोच्या १९०१च्या ‘ब्लू रूम’मध्ये ते भिंतीवर टांगलेलं दिसतं.

रंगाच्या बाबतीतही लोत्रेकची खास रीत होती. तो तेलरंगातलं तेल शोषून काढायचा आणि रंग टर्पेंटाइनने पातळ करून लांब, सुट्या रेघांनी लावायचा. असा रंग चटकन सुकतो, चकाकत नाही, खालचा पृष्ठभाग मधूनमधून दिसू देतो. धरून ठेवणारं तेलच कमी, त्यामुळे तो नाजूकही असतो. वर वार्निश दिलं तर ते आत शिरतं, रंग गडद होतात आणि मूळचा खडूसारखा कोरडेपणा जातो.

चित्र १९२८मध्ये हेलन बर्च बार्टलेट स्मृतिसंग्रहातून संग्रहालयात आलं, ते त्या जोडलेल्या पट्टीसकट.